अभयदानाची वास्तू : झहा हदीद आणि कर्कॉडीचे मॅगीज केंद्र

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाची संहिता)

जैन आचार्यांनी दानाचे चार प्रकार सांगितले आहेत : आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. यांपैकी पहिले तीन प्रकार कोणत्याही न्यासाच्या वार्षिक अहवालात सहज ओळखता येतात. भोजनशाळेचा खर्च एका सदरात, धर्मार्थ दवाखान्याचा दुसऱ्या सदरात, शिष्यवृत्ती, वह्या-पुस्तके व ग्रंथप्रकाशन तिसऱ्या सदरात. चौथ्या दानाचे सदर बहुधा पांजरपोळीपाशी येऊन थांबते. मुक्या जीवाला सुरीपासून सोडविणे हे अभयदान होय, यात शंका नाही. परंतु जो मनुष्य मृत्यूच्या भयाने आतून पोखरला गेला आहे, त्याच्या भयाचे काय? त्याला औषध मिळते, भोजन मिळते, प्रसंगी राहण्यास खोलीही मिळते. भय मात्र त्याचे त्याच्यापाशीच राहते. या चौथ्या दानासाठी एखादी इमारत बांधता येईल काय, असा प्रश्न स्कॉटलंडमधील एका रुग्ण स्त्रीने विचारला आणि त्या प्रश्नाच्या उत्तरात तिच्या एका जगप्रसिद्ध मैत्रिणीने आपली प्रतिभा उभी केली. आजचा विषय त्या दोघींचा आहे.

त्या रुग्ण स्त्रीचे नाव मॅगी केझिक जेंक्स. 1941 साली जन्मलेल्या मॅगी या चिनी उद्यानकलेच्या अभ्यासक होत्या. त्या विषयावरील त्यांचा ग्रंथ 1978 मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजही तो प्रमाण मानला जातो. त्यांचे पती चार्ल्स जेंक्स हे वास्तुकलेचे नामवंत समीक्षक. घरी जगभरच्या वास्तुविशारदांचा राबता असे. 1988 साली मॅगी यांना स्तनाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. उपचार झाले, बरे वाटले. आणि 1993 च्या मे महिन्यात रोग परतला. आता दोन-तीन महिनेच हाती आहेत, असे डॉक्टरांनी पती-पत्नींना सांगितले. हे सांगून झाल्यावर त्या दोघांना खोलीबाहेर जाऊन बसावे लागले, कारण पुढचे रुग्ण ताटकळत होते. बाहेर एक अरुंद मार्गिका होती आणि तिला एकही खिडकी नव्हती. तेथे बसून त्या दोघांनी ती वार्ता पचविण्याचा प्रयत्न केला.

यात डॉक्टरांचा दोष काढण्याचे कारण नाही. परळच्या टाटा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात ज्यांनी एखादा दिवस काढला आहे त्यांना हे ठाऊक आहे की, दाराबाहेर शेकडो माणसे उभी असताना कोणत्याही डॉक्टराला एका कुटुंबाच्या अश्रूंसाठी अर्धा तास देता येत नाही. व्यवस्था रोगावर उपचार करते. मनुष्यासाठी तिच्यापाशी खुर्ची शिल्लक नसते. मॅगी यांनी हे नेमके ओळखले. प्रायोगिक उपचारांचा मार्ग त्यांनी स्वीकारला आणि दोन-तीन महिन्यांऐवजी त्यांना दोन वर्षे मिळाली. त्या दोन वर्षांत त्यांनी काय केले, तर रुग्णालयाच्या आवारात परंतु रुग्णालयापासून वेगळे, घरासारखे एक ठिकाण कसे असावे याचा आराखडा केला. लॉरा ली ही त्यांची शुश्रूषा करणारी परिचारिका या कामात त्यांच्यासोबत होती. पुढे तीच या संस्थेची प्रमुख झाली. जुलै 1995 मध्ये मॅगी यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी, 1996 साली, एडिंबरोच्या वेस्टर्न जनरल रुग्णालयाच्या आवारातील एका जुन्या तबेल्याचे रूपांतर करून पहिले केंद्र उघडले. वास्तुविशारद होते रिचर्ड मर्फी. केंद्राला मॅगी यांचेच नाव दिले गेले.

या केंद्रात उपचार होत नाहीत. हे वाक्य नीट लक्षात घेतले पाहिजे, कारण आपल्याकडील धर्मादाय कल्पनेला ते चटकन रुचणारे नाही. तेथे यंत्र नाही, इंजेक्शन नाही, खाटही नाही. रुग्णाने अथवा त्याच्या नातलगाने आत यावे, चहा घ्यावा, हवे तर बोलावे, नको तर गप्प बसावे. आजाराची माहिती सोप्या शब्दांत समजावून सांगणारी माणसे तेथे आहेत, मानसोपचारतज्ज्ञ आहेत, आणि आजारपणामुळे नोकरी गेली तर शासकीय मदतीचे अर्ज कसे भरावेत हे सांगणारे सल्लागारही आहेत. या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व महात्मा फुले जनआरोग्य योजनेची कागदपत्रे घेऊन खिडक्या-खिडक्यांतून फिरलेल्या कुटुंबांना वेगळे सांगावयास नको. येण्यासाठी आगाऊ वेळ घ्यावी लागत नाही, चिठ्ठी लागत नाही आणि शुल्क एका पैशाचेही नाही. खर्च मुख्यतः लोकांच्या देणग्यांतून चालतो.

प्रत्येक केंद्राच्या वास्तुविशारदाला संस्था एक छोटे टिपण देते. ते कोणत्याही बांधकाम समितीने अभ्यासावे असे आहे. दारातून शिरताच टेबलामागे बसलेला कारकून दिसता कामा नये. भिंतींवर बाणांच्या पाट्या नकोत. केंद्राच्या मध्यभागी स्वयंपाकघर हवे आणि त्यात सर्वांना बसता येईल असे मोठे टेबल हवे. खिडक्यांतून झाडे, आकाश, ऋतू दिसले पाहिजेत. आणि प्रसाधनगृहासंबंधीची सूचना तर मुळातून विचार करण्याजोगी आहे : ती ओळीने मांडलेली, दाराखाली फट असलेली नकोत, मनुष्याला आत जाऊन मनसोक्त रडता यावे आणि बाहेर येण्यापूर्वी तोंड धुऊन आरशात पाहता यावे, इतका एकांत तेथे हवा. हे लिहिणाऱ्याने रुग्णालयात अश्रू लपविण्याची जागा शोधलेली आहे, हे वाचताक्षणी कळते. आपल्या कित्येक धर्मशाळांच्या दर्शनी भागात मकराण्याचा संगमरवर असतो आणि मागील बाजूस प्रसाधनगृहांची दारे नीट लागत नाहीत. स्पष्टोक्तीबद्दल क्षमा असावी, पण दात्याची दृष्टी दर्शनी भागावर असते आणि रुग्णाचा दिवस मागील बाजूस जातो.

आता त्या मैत्रिणीकडे वळावयाचे. झहा हदीद यांचा जन्म 31 ऑक्टोबर 1950 रोजी बगदाद येथे झाला. वडील मोहम्मद हदीद हे इराकमधील उदारमतवादी राजकारणी; ते काही काळ अर्थमंत्रीही होते. झहा यांनी बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठात गणिताचे शिक्षण घेतले आणि 1972 मध्ये लंडनच्या आर्किटेक्चरल असोसिएशन या सुविख्यात वास्तुकला विद्यालयात प्रवेश केला. 1980 च्या सुमारास त्यांनी लंडनमध्ये स्वतःचे कार्यालय थाटले. हाँगकाँगमधील एका डोंगरमाथ्यावरील क्लबच्या वास्तूसाठी झालेल्या जागतिक स्पर्धेत त्या 1983 मध्ये पहिल्या आल्या; वास्तू मात्र उभी राहिली नाही. त्यांची चित्रे प्रदर्शनांत मांडली जात, विद्यार्थी त्यांवर चर्चा करीत, आणि व्यवसायातील मंडळी म्हणत की, ही बाई कागदावरची वास्तुविशारद आहे. हे बांधता येणार नाही. 1993 मध्ये जर्मनीत एका कारखान्याचे अग्निशमन केंद्र त्यांनी बांधले, तेव्हा ‘बांधता येणार नाही’ हे म्हणणे खोटे ठरले. तरीही वेल्समधील कार्डिफ येथील संगीत-नाट्यगृहाची स्पर्धा 1994 मध्ये जिंकूनही ते काम त्यांच्या हातून गेले. स्त्री, त्यातून परदेशी, त्यातून अरब, आणि स्वभावाने कोणापुढे न वाकणारी. या चार गोष्टींपैकी कोणती अधिक आड आली हे ठरविणे कठीण आहे.

2004 साली झहा हदीद यांना प्रिट्झकर पारितोषिक मिळाले. वास्तुकलेच्या क्षेत्रात याचे स्थान नोबेलसारखे आहे, आणि ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला. एवढे होऊनही, ज्या देशात त्यांनी पाव शतक व्यवसाय केला त्या ब्रिटनमध्ये त्यांची एकही कायमस्वरूपी वास्तू उभी नव्हती. ती उभी राहिली 2006 साली, आणि ती कोणत्याही बँकेची, संग्रहालयाची अथवा मंत्रालयाची नव्हती. फाइफ परगण्यातील कर्कॉडी या लहानशा गावातील व्हिक्टोरिया रुग्णालयाच्या आवारात, कर्करुग्णांसाठी बांधलेले एक एकमजली घर ही ती वास्तू. नोव्हेंबर 2006 मध्ये तिचे उद्घाटन त्या वेळचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन यांच्या हस्ते झाले. कर्कॉडी हे त्यांचे बालपणीचे गाव आणि त्यांच्या मतदारसंघातले. व्यापारी समाजाच्या सभेत आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे : आधुनिक अर्थशास्त्राचा जनक समजला जाणारा अ‍ॅडम स्मिथ याच गावी 1723 मध्ये जन्मला.

हे काम त्यांच्याकडे स्पर्धेतून आले नाही. मॅगी आणि चार्ल्स जेंक्स यांच्याशी त्यांचा जुना स्नेह होता. दिवंगत मैत्रिणीच्या इच्छेसाठी त्यांनी हे काम हाती घेतले.

जागा सोपी नव्हती. एका बाजूस रुग्णालयाची उंच इमारत आणि मोटारींचा तळ. दुसऱ्या बाजूस झाडाझुडपांनी भरलेला एक नैसर्गिक खोलगट भाग. हदीद यांनी इमारत अगदी त्या खोलगट भागाच्या काठावर ठेवली. रुग्णालयाकडील अंग त्यांनी बंदिस्त व गडद केले आणि झाडांकडील अंग काचेने मोकळे केले. छप्पर आणि भिंत वेगळी नाहीत. कागदाची घडी घालावी तसे एकच काळे कवच वरून खाली दुमडत येते आणि दोन्ही टोकांना पुढे झेपावून सावली धरते. या कवचावर बारीक चमकदार कण मिसळलेला काळा लेप आहे, त्यामुळे ऊन पडले की ते लुकलुकते. फाइफ हा एके काळचा कोळशाच्या खाणींचा मुलूख. तेथील वृद्ध खाणकामगाराला त्या चमकेत कोळसा दिसला तर नवल नव्हे. आत पाऊल टाकले की सर्व काही पालटते. पांढऱ्या भिंती, कवचात कापलेल्या त्रिकोणी झरोक्यांतून उतरणारा प्रकाश, मध्यभागी स्वयंपाकघर, आणि समोर काचेपलीकडे झाडांचे शेंडे. रुग्णालयाकडे पाठ फिरवून बसता येते. ज्याला दर पंधरवड्याला त्याच रुग्णालयात जावयाचे आहे त्याला काही वेळ तरी त्याच्याकडे पाठ करून बसता यावे, ही योजना फार खोल सहानुभूतीतून आलेली आहे.

काळ्या रंगाविषयी आणि टोकदार कोनांविषयी कोणाच्याही मनात प्रश्न येईल. रुग्णाच्या घराला काळा रंग? आपल्याकडे तर वास्तुशांतीच्या दिवशी काळा कपडाही कोणी घालीत नाही. ही शंका अगदीच टाकाऊ म्हणता येणार नाही. एडिंबरोच्या तबेल्यातील पहिले केंद्र ज्यांना ऊबदार वाटते त्यांना कर्कॉडीचे केंद्र प्रथमदर्शनी कठोर वाटणे शक्य आहे. परंतु हदीद यांनी खोटी गोडी आणली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. रुग्णाला लहान मूल समजून भिंतींवर फुले आणि फुलपाखरे रंगविणे हाही एक प्रकारचा अनादरच आहे. बाहेरून कणखर आणि आतून उजळ अशी ही वास्तू रुग्णाला प्रौढ मनुष्य म्हणून वागविते. मंदिराच्या जाड दगडी भिंतीतून सभामंडपात शिरणाऱ्या श्रावकाला बाहेरच्या कठोरतेचे आणि आतल्या शांततेचे हे नाते अपरिचित नाही.

याहून मोठा प्रश्न पैशाचा आहे, आणि तो टाळणे योग्य होणार नाही. जगातील सर्वांत नामांकित वास्तुविशारदांना बोलावून अडीच-तीनशे चौरस मीटरची घरे बांधावयाची, याऐवजी तोच पैसा औषधांवर का खर्चू नये? हा आक्षेप आपल्या प्रत्येक न्यासाच्या सभेत कोणत्या ना कोणत्या रूपाने निघतोच, आणि तो काढणारे सभासद बहुधा प्रामाणिक असतात. चार्ल्स जेंक्स यांचे त्यावर दोन मुद्दे असत. पहिला असा की, वास्तू रोग बरा करते असा दावा कोणी करू नये. पण आशा टिकविण्यास ती साहाय्य करते, आणि केंद्रात काम करणाऱ्यांचे मनोबलही तीच राखते. दुसरा मुद्दा अधिक व्यवहारी आहे. फ्रँक गेरी यांनी 2003 मध्ये डंडी येथे केंद्र बांधले, तीन वर्षांनी झहा हदीद यांनी कर्कॉडीला. या नावांमुळे वृत्तपत्रांचे लक्ष गेले आणि देणगीदार पुढे आले. नामवंताची कीर्ती ही सुद्धा दान करता येते. झहा हदीद यांनी फाइफच्या रुग्णांना आराखडा दिला, हे खरेच. पण त्याबरोबर आपले नाव दिले, आणि त्या नावाने त्या लहान गावाकडे जगाची दृष्टी वळली.

कीर्तीच्या दानाची कल्पना जैन इतिहासाला नवी नाही. दहाव्या-अकराव्या शतकातील अत्तिमब्बे हिला ‘दानचिंतामणी’ ही पदवी लाभली. कवी पोन्न याच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती तिने लिहवून घेऊन वाटल्या आणि लक्कुंडी येथे जिनालय बांधविले. ते आजही गदग जिल्ह्यात उभे आहे. चालुक्य दरबारातील सेनापतीच्या घराण्यातील स्त्री पाठीशी उभी राहिली, तेव्हा ताडपत्रे लिहिणाऱ्या लेखनिकांच्या श्रमालाही प्रतिष्ठा आली. येथे एक भेद मात्र लक्षात ठेवावा लागतो. अत्तिमब्बेने बांधविले, हदीद यांनी बांधले. धन देणाऱ्याचे नाव कोरण्याची आपली प्रथा आहे, कौशल्य देणाऱ्याचे नाव कोरण्याची नाही. न्यासाच्या इमारतींचे नकाशे ज्या अभियंत्यांनी विनामूल्य काढून दिले, ज्या सनदी लेखापालांनी वर्षानुवर्षे हिशेब तपासले, ज्या डॉक्टर भगिनींनी रविवारचा दिवस दवाखान्याला दिला, त्यांची नावे संगमरवरी फलकांवर क्वचितच सापडतात.

कर्करोग आणि दानधर्म यांचे नाते महाराष्ट्रातही घरगुती दुःखातूनच जन्मले, हे येथे नमूद करणे उचित होईल. लेडी मेहेरबाई टाटा यांचे 1931 साली रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. पती सर दोराबजी यांच्या त्या दुःखातून कर्करोगाच्या उपचार व संशोधनासाठी संपत्ती खर्च करण्याचा संकल्प निघाला. 28 फेब्रुवारी 1941 रोजी परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथे उपचार उत्तम मिळतात. परंतु विदर्भ-मराठवाड्यातून, बिहार-बंगालमधून आलेली कुटुंबे उपचारांच्या काळात पदपथावर दिवस काढतात, हे दृश्य मुंबईकरांना अनेक दशकांपासून परिचित आहे. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेने अशा हजारो कुटुंबांना आसरा दिला; इतर समाजांच्या, त्यांत जैन समाजाच्याही, संस्थांनी आपापल्या परीने निवास व भोजनाची सोय केली. हे कार्य थोरच आहे. स्कॉटलंडमध्ये रुग्णाला डोक्यावर छप्पर असते म्हणून तेथे स्वयंपाकघरातील टेबलाचा विचार आधी करता येतो, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. पण छप्पर देतानाच टेबलाचा विचार केला, तर खर्च फार वाढत नाही. खोल्यांची संख्या एकाने कमी करून तेथे खिडकीची एक बैठक केली, आणि भोजनगृहात ताटे वाढून घेण्याच्या रांगेशेजारी दोन तास बसून बोलता येईल अशी जागा ठेवली, तर त्याला झहा हदीद यांची प्रतिभा लागत नाही. कोणातरी रुग्णाच्या नातलगाला बांधकाम समितीवर घ्यावे लागते, एवढेच.

वैयावृत्त्याची गणना आपल्या शास्त्रात सहा अभ्यंतर तपांमध्ये केली आहे. उपवास हे बाह्य तप आणि रुग्णाची सेवा हे अभ्यंतर तप, ही मांडणी करणाऱ्या आचार्यांना सेवा ही केवळ हातांची गोष्ट नाही हे दिसले होते. सेवा करणाऱ्याला आजारी मनुष्याच्या जागी जाऊन पाहावे लागते. हदीद यांच्याविषयी त्यांच्या क्षेत्रातील लोक सांगत की त्या तापट होत्या, हट्टी होत्या, ग्राहकाचेही ऐकत नसत. परंतु कर्कॉडीच्या लहानशा वास्तूत त्यांनी दिवंगत मैत्रिणीच्या त्या छोट्या टिपणाचे ऐकले. स्वयंपाकघर मध्येच राहिले.

पुढील काळात त्यांची मोठमोठी कामे पूर्ण झाली : रोमचे एकविसाव्या शतकातील कलेचे संग्रहालय, बाकूचे हैदर अलियेव केंद्र, लंडनच्या 2012 च्या ऑलिंपिकचे जलतरणगृह. 2016 साली ब्रिटनच्या वास्तुविशारद संस्थेचे शाही सुवर्णपदक त्यांना मिळाले. स्वतःच्या एकट्याच्या नावावर ते मिळविणारी पहिली महिला त्याच. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी, 31 मार्च 2016 रोजी, मायामी येथील रुग्णालयात श्वसनविकारावर उपचार चालू असताना हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय होते 65. चार्ल्स जेंक्स 2019 मध्ये गेले.

मॅगीज केंद्रांची संख्या ब्रिटनमध्ये वीसच्या वर गेली असून हाँगकाँग, टोकियो आणि बार्सिलोना येथेही ती उभी राहिली आहेत. बार्सिलोनाचे 2019 मधील केंद्र बेनेदेत्ता ताल्याब्यू यांनी आणि साउदॅम्प्टनचे 2021 मधील केंद्र अमांडा लेव्हीट यांनी रचले. दोघीही महिला वास्तुविशारद. कर्कॉडीचे काळे घर रुग्णालयाकडे पाठ करून, झाडांकडे तोंड करून उभे आहे, आणि तेथे येणाऱ्याला आजही आधी चहा विचारला जातो, आजार नंतर.